डाव्या पायाची पट्टी

दुपारचे दोन वाजलेत आणि हणमंत कासार पलंगावर पालथा पडला आहे. बेचाळीस किलोमीटर पळून आलेल्या माणसाला उताणं झोपवत नाही, पोटऱ्यांत गोळे येतात. उजव्या पायाच्या अंगठ्याचं नख काळं होऊन हलायला लागलंय, म्हणून तो पाय त्यानं पलंगाबाहेर लोंबता सोडलाय. डावा ठणठणीत आहे. गाल उशीवर टेकलाय. उशीला खोळ आहे ती आक्काच्या जुन्या सुती लुगड्याची, धुऊन धुऊन मऊसूत झालेली. आक्का गेल्यावर शालननं, म्हणजे हणमंताच्या बायकोनं, त्या लुगड्याच्या चार खोळी शिवल्या. शालन आत्ता स्वयंपाकघरात भांडी घासतेय. भांड्यांबरोबर तिच्या हातातल्या हिरव्या बांगड्याही वाजताहेत, आणि जरा जास्तच जोरात वाजताहेत.

हणमंताला झोप यायला पाहिजे आणि ती येत नाही. सहा वाजता कराडला सभागृहात त्याचा सत्कार आहे. वर्षभरात तो बारा मॅरेथॉन पळला, बारावी आज सकाळी. एकेका मॅरेथॉनसाठी लोकांनी देणग्या दिल्या आणि एकेका मॅरेथॉनमागं एकेका माणसाला कृत्रिम पाय बसला. मधुमेहात ज्यांचे पाय कापावे लागले, अशी ही माणसं. उपक्रमाचं नाव 'आक्कासाठी एक डझन'. हणमंताची थोरली बहीण कौसल्या, म्हणजे सगळ्यांची आक्का, गावोगाव पायी फिरून बायकांना बांगड्या भरायची, आणि बांगड्या डझनावर जातात, म्हणून डझन. तिचाही उजवा पाय गुडघ्याखाली कापला होता. मग डावा चिघळला, आठ महिने चिघळत राहिला, आणि दोन वर्षांपूर्वी दिवाळी झाल्यावर ती गेली.

इथवर सगळं खरं आहे. बारा माणसं आज उठून चालताहेत, त्याला कुणी नाक मुरडू नये.

घाण आहे ती पुढं. दुसऱ्या मॅरेथॉननंतर एका वार्ताहरानं विचारलं, "शेवटच्या दिवसांत बहिणीची सेवा तुम्हीच केली असेल?" हणमंत दमला होता, तोंडात केळं होतं, त्यानं मान हलवली. दुसऱ्या दिवशी छापून आलं की हा भाऊ आठ महिने रोज स्वतःच्या हातानं बहिणीची जखम धुवत होता. वाचून त्याला लाज वाटली, साधारण दुपारपर्यंत. संध्याकाळी कौतुकाचे फोन यायला लागले, आणि तिसऱ्या मॅरेथॉननंतरच्या भाषणात तो स्वतःच ते सांगून मोकळा झाला. टाळ्या पडल्या. सातव्या मॅरेथॉनपर्यंत त्या भाषणात कोमट पाणी आलं, मीठ आलं, चिमटाही आला. उचलली जीभ लावली टाळ्याला.

जखम धुवायची ती शालन. रोज सकाळी सहाला. आणि रोज सकाळी पावणेसहाला हणमंत बूट घालून घराबाहेर पडायचा. साखर कारखान्याच्या प्रयोगशाळेत, मळीच्या वासात अठ्ठावीस वर्षं काढलेला माणूस, पण बहिणीच्या पायाचा वास त्याला सोसला नाही. आधी तो नुसता कोपऱ्यावर जाऊन उभा राहायचा. लोक विचारायला लागले तेव्हा चालायला लागला. चालूनही वास नाकातून जाईना तेव्हा पळायला लागला. त्याच्या पळण्याची सगळी कुळकथा एवढीच आहे.

आणि आता कृत्रिम पाय बसवणाऱ्या संस्थेच्या लोकांच्या डोक्यात आलंय की आज मधुमेही रोग्यांच्या चाळीस घरांतली माणसं जमणार आहेत, तर हणमंतरावांनी स्टेजवर पट्टी कशी करायची ते करून दाखवावं. टेबल, पातेलं, गॉज सगळं मांडून ठेवलंय. हणमंताला पट्टीचं टोक कुठून धरायचं ते माहीत नाही. ज्या बाईला माहीत आहे ती भांडी घासतेय. तिला विचारायला तोंड कुठून आणायचं? वर्तमानपत्रातली ती बातमी तिनंच कापून त्याच्या ताटाशेजारी ठेवली होती. त्यानंतर ती एकाही सत्काराला आलेली नाही.

डोळे जड होतात. पंख्याचा आवाज लांब जातो, बांगड्यांचा त्याहून लांब. मग वास येतो.

मळीचा असेल, हणमंत स्वतःची समजूत घालतो, वारं कारखान्याकडून वाहत असेल. पण मळी आंबट असते. या वासात सडलेल्या पेरूची गोडी आहे आणि त्याच्या तळाशी औषधाची कडू झाक. हणमंत नेहमी करतो तेच करतो. तो पळायला लागतो.

रस्ता सकाळचाच आहे. दुतर्फा त्याचेच फ्लेक्स, दात काढून हसणारा हणमंत आणि कोपऱ्यात हार घातलेली आक्का. खाली तुडवलेले कागदी पेले, केळ्याच्या साली, कुणीतरी ओकून ठेवलेलं. एक जण झाडाकडं तोंड करून उभा आहे आणि पळता पळता लोक त्याच्या धारेवरून उड्या मारताहेत. पुढच्या माणसाच्या टी-शर्टवर छाती घासून रक्ताचे दोन ठिपके उमटलेत आणि तो अंगठा वर करून फोटो काढून घेतोय. हणमंताच्या हातात ते ताकदीचं जेल आहे, पाकिटातलं, चिकट, कोमट. वर्षभर तो हे गिळत आला. आत्ता जिभेला शेंबूड लागावा तसं लागतं. थुंकायला तो वळतो, तर समोर पाणी द्यायचं टेबल आहे आणि टेबलामागं आक्का बसली आहे.

प्लास्टिकच्या खुर्चीत बसली आहे. मांडीवर बांगड्यांचं बोचकं. उजवा पाय गुडघ्याखाली नाही. डाव्याला पट्टी आहे, आणि ती पट्टी पिवळी पडून ओली झाली आहे.

"आलास व्हय?" ती म्हणते. "बारा येळा गेलास हितनं. एकदा बी थांबला न्हाईस."

"आक्का, शर्यत हाय. थांबून कसं चालंल?"

"कुनाशी शर्यत?"

"तुझ्या नावानं बारा मानसांस्नी पाय दिलं," तो म्हणतो.

"ठावं हाय मला. चांगलं केलंस. त्यातली एक बाई माझी गिऱ्हाईक हुती, आता चालत बाजारला जाती." आक्का बोचक्यात हात घालते. "पन कासाराच्या पोटचा हाईस तू. डझनात एक बांगडी पिचलेली निघाली तर गिऱ्हाईक काय करतंय?"

"डझन परत देतंय."

"मग वाजवून बघ की."

हणमंत खाली बघतो. गळ्यात बाराही पदकं लटकताहेत आणि मान दुखतेय. तो एक पदक दुसऱ्यावर आपटतो. धड बांगडी कशी खणकते ते त्याला लहानपणापासून ठाऊक आहे. पदक बद्द वाजतं. दुसरंही बद्दच वाजतं. तो घाईघाईनं सगळी वाजवून बघतो, आणि आक्का कंटाळल्यासारखी दुसरीकडं बघते.

टेबल आता प्रयोगशाळेतलं आहे. उसाच्या रसाच्या बाटल्या ओळीनं लावलेल्या आहेत, आक्का त्याच्याच उंच स्टुलावर बसली आहे आणि दारापासून बायकांची रांग लागली आहे. कुणालाच यात काही वावगं वाटत नाही. आक्का एकेकीचा हात हातात घेते, तळवा चेपते, बोटं गोळा करते, बांगडी चढवते. शेणानं भरलेला हात येतो. नायट्यानं सोललेला हात येतो. एका म्हातारीच्या मनगटावर गळू आहे, पिकलेलं, आक्का त्याच्या बाजूनं बांगडी अशी सरकवते की म्हातारीला कळतही नाही. हणमंत भिंतीला चिकटून उभा आहे. आपल्या अंगाला कुणाचा हात लागू नये एवढीच त्याची धडपड चालली आहे.

"आक्का, तुला घान वाटत न्हाई?"

"वाटती की. न वाटायला मी काय दगूड हाय?" ती पुढचा हात धरते. "ह्यो कुनाचा हात, वळख."

हात मोकळा आहे. मनगटात काहीच नाही, नखांच्या कडा औषधानं पिवळ्या झाल्यात. हणमंत वर बघतो तर शालन उभी आहे, पण ती त्याच्याकडं बघत नाही.

"कासाराची सून," आक्का म्हणते, "आन् आठ महिनं भुंड्या हातानं वावरली. पट्टी करताना पू लागतोय म्हनून बांगड्या काढून ठेवल्या हुत्या हिनं. शेजारनी काय बाय बोलायच्या. नवरा जित्ता असून हात असं का? तुला दिसलं हुतं?"

हणमंताला दिसलं नव्हतं. एका घरात राहून, एका ताटवाटीत जेवून आठ महिने त्याला बायकोचे मोकळे हात दिसले नव्हते. त्याला स्वतःचीच शिसारी येते, पण शिसारी आली की जे करायचं तेच त्याचे पाय पुन्हा करतात. तो दाराकडं पळतो.

दार त्याच्याच घराचं आहे. मधल्या खोलीचा उंबरा, आणि तो उंबऱ्याबाहेर बूट घालून उभा. आत खाटेवर आक्का बसली आहे. हातात ताट, ताटात कुंकू, सुपारी, निरांजन. भाऊबीज आहे.

हा दिवस हणमंताला ओळखायला वेळ लागत नाही. आक्काची ती शेवटची भाऊबीज. तो पळून घरी आला तेव्हा ती सकाळपासून ताट लावून बसली होती. दरवर्षी ती ओवाळायची आणि तो तिच्या पायांवर डोकं ठेवायचा. त्या वर्षी एक पाय नव्हता आणि दुसऱ्याला पट्टी होती. तो उंबऱ्यावरच थांबला आणि म्हणाला, "आक्का, घामानं निथळतोय गं, लांबूनच नमस्कार करतो." त्यानं हात जोडले आणि आंघोळीला गेला. तिला उठता येत नव्हतं. ताट हातात धरून ती बसून राहिली, निरांजन विझेपर्यंत. अकराव्या दिवशी ती गेली.

निरांजन आत्ता जळतंय. वात तळाला आली आहे.

"आत ये," आक्का म्हणते. "त्याल संपत आलंय."

"आक्का, मी घामानं..."

"हणमा. ह्यो घाम सांगू नगंस मला."

तो बूट काढतो आणि उंबरा ओलांडतो. वास त्याच्या अंगावर येतो, नाकात, घशात, डोळ्यांत. तो तोंडावर हात दाबतो.

"वकायचं तर वक. मोरी हाय तिकडं," आक्का म्हणते. "शालन रोज वकायची. पट्टी सुटली की उठायची, मोरीत जायची, चूळ भरायची आन् परत येऊन बसायची. पयल्या हप्त्यात मला वाटलं, ह्या वयात हिला दिवस गेलं का काय."

ती हसते. हणमंताला हसू येत नाही.

"मला बी यायची किळस. माझ्याच पायाची. किळस येनं काय पाप न्हाई रं. पन तू बूट घालायचास ना, त्या नाड्या बांधल्याला आवाज मला हितं यायचा. त्याचं लई लागायचं."

"मग बोलली का न्हाईस?"

"काय बोलू? भावाला म्हनू, बाबा माझ्या सडक्या पायापाशी बस म्हनून?" ती डावा पाय पुढं करते. "सोड आता. गाठ वढ."

हणमंत खाली बसतो आणि गाठीचं टोक ओढतो. गाठ एका झटक्यात सुटते. पट्टी सुटत जाते तशी जड होत जाते, शेवटचा वेढा कातडीला चिकटलेला आहे आणि आक्का शिकवते तसा तो कोमट पाणी शिंपडून तो सोडवतो. मग पाय दिसतो. भाषणात त्यानं हा पाय नऊ वेळा वर्णन केला होता आणि त्याला त्यातलं ओ की ठो माहीत नव्हतं. तळव्यात खड्डा आहे. कडा पांढऱ्या, आत हिरवट काळं, आणि त्या काळ्यात तांदळाच्या कणीएवढं काहीतरी हलतंय.

तो उठतो, मोरीत जातो, ओकतो. पोटात असेल नसेल ते सगळं. तोंड धुतो. दार उघडं आहे, बूट दारात आहेत, आणि बाहेर रस्ता अगदी मोकळा पडलाय. तो बुटांकडं बराच वेळ बघतो. मग परत येऊन बसतो.

"चिमटा घे," आक्का म्हणते.

तो चिमटा घेतो आणि ती कणी उचलतो. मग दुसरी. मग मिठाचं पाणी. किळस एका काडीनंही कमी होत नाही, अंगावर काटा तसाच आहे, पण हात चालू राहतात. हे असं होऊ शकतं हेच त्याला त्रेपन्न वर्षांत माहीत नव्हतं.

"आता कापड बघ. पू पिनारं पायजे."

तो कपाट उघडतो. कपाटात सत्काराच्या शाली आहेत. आक्का एक शाल बोटानं चिवडते. "ही काय पिनार? नुसती चमकती." फेटे निघतात, नायलॉनचे, त्यांवर पाणी ठरतच नाही, मोत्यासारखं ओघळून जातं. मग तो मॅरेथॉनचा टी-शर्ट, छातीवर आक्काचा फोटो असलेला. आक्का स्वतःच्याच तोंडाकडं बघून नाक मुरडते. "ह्या फोटूत माझं तोंड असं का दिसतंय? आन् नंबर लावायला टाचण्या माझ्या डोळ्यात खुपसल्याल्या." हणमंत मान खाली घालतो. बाराही वेळा त्यानं नंबर तिथंच टाचला होता, फोटोच्या तोंडावर. "कपाटभर मान मिळीवलास," आक्का म्हणते, "आन् एक धडुतं कामाचं न्हाई."

मग त्याच्या हातात काहीतरी मऊ येतं. जुनं, सुती, ओळखीचं. ते कुठून आलं हे तो विचारत नाही. टर्रकन फाडतो.

"बोटांकडनं सुरू कर. वर वर ये. टाचंला आडवा वेढा घाल, टाच उघडी ठिवू नगंस. बोटं मातुर दिसली पायजेत, काळी पडत्यात का बघाय. आवळू नगंस! आत एक बोट सरकलं पायजे. हां. आता गाठ. तळव्याखाली न्हवं, कडंला. सुरगाठ मार, बांगड्यांच्या माळंला मारतो तशी. वढली की सुटाय पायजे. आजाऱ्याला झोंबाझोंबी सोसत न्हाई."

तो सुरगाठ मारतो. लहानपणी तिनंच शिकवलेली होती, डझन डझन बांगड्या दोऱ्यात ओवून.

"आलं की तुला," आक्का म्हणते.

हणमंत वाकतो आणि पट्टीवर कपाळ टेकवतो. वास नाकाशी आहे. पट्टीतून ओल कपाळाला लागते. तो तसाच राहतो आणि रडतो, मोठ्यानं, लहान पोरासारखा नाक ओढत. वर ताट हलतं, निरांजनाची ऊब त्याच्या मानेवरून तीनदा फिरते.

"ववाळलं बग," आक्का म्हणते. "आता ववाळनी घाल."

तो गळ्यातली पदकं काढून ताटात टाकतो. ती ताट कलतं करते आणि पदकं जमिनीवर पडतात, बद्द वाजत.

"मग काय घालू, आक्का?"

आक्का दाराकडं बघतेय, जिथून भांड्यांचा आणि बांगड्यांचा आवाज येतोय. निरांजन विझतं.

हणमंत जागा होतो तेव्हा गालाला काहीतरी खरबरीत टोचतंय. उशीला खोळ नाही, नुसतं आतलं जाड पट्ट्यापट्ट्यांचं कापड आहे. खिडकीतून उन्हाची तिरीप आली आहे, चार वाजले असतील. शालन चहाचा कप घेऊन पलंगाशी उभी आहे आणि त्याच्या पायांकडं बघतेय.

"दुखतोय उजवा," ती म्हणते, "आणि पट्टी डाव्याला?"

तो उठून बसतो. उजव्या अंगठ्याचं काळं नख तसंच उघडं आहे. डाव्या, ठणठणीत पायाला बोटांपासून घोट्यापर्यंत पट्टी आहे. आक्काच्या लुगड्याची, जांभळ्या काठाची. खोळीचा उरलेला तुकडा खाली जमिनीवर पडलाय.

शालन कप खिडकीत ठेवते आणि खाली बसते. आधी ती बोटं बघते. मग टाच. मग पट्टीत आपलं एक बोट घालते. ते बरोबर मावतं. शेवटी ती घोट्याच्या कडेची गाठ बघते आणि तिचा हात तिथंच थांबतो.

"ही गाठ कुणी शिकवली तुम्हाला? पट्टीला ही गाठ वन्सं मारायला लावायच्या. दुसऱ्या कुणाला माहीत नाही."

"आक्कानंच."

ती गाठीवरून अंगठा फिरवते.

"तू रोज मोरीत जाऊन ओकायचीस?" हणमंत विचारतो.

शालन गाठीवरचा हात मागं घेते. "त्यांना ऐकू जायचं? मी नळ मोठा सोडून ठेवायची." ती उठते आणि तिच्या आवाजात ती भांड्यांची आदळआपट परत येते. "बरं झालं की मग. आली तुम्हाला पट्टी. आता दाखवा स्टेजवर झोकात. अगदी रोज करणाऱ्यासारखी बांधलीय. कुणाच्या बापाला कळायचं नाही."

आणि किळसवाणी गोष्ट अशी की हणमंताच्या मनात क्षणभर तेच येतं. खरंच कळणार नाही. हात आता सराईत झालेत, चिमटा कसा धरायचा ते माहीत झालंय, भाषण पाठ आहे. त्याला हे सगळं स्पष्ट दिसतं, टाळ्यांसकट, आणि तोच गोडसर सडका वास पुन्हा नाकात शिरतो. आक्काचा पाय तर आता घरात नाही.

"मी नाही दाखवणार," तो म्हणतो. "तू दाखव. मी हा पाय टेबलावर ठेवतो. आणि त्याआधी आठ महिने मी कुठं होतो ते सांगतो."

"लोक थुंकतील तोंडावर."

"थुंकू देत."

"संस्थेची माणसं तोंडघशी पडतील. पुढं कुणी देणगी देणार नाही."

"दिली नाही तर दारोदार मागत फिरेन. आक्का फिरायचीच की." तो बांधलेला पाय जवळ ओढतो. "शालन, ओवाळणी राहिलीय गं माझी. दुसरं काय घालू, तूच सांग."

शालन खिडकीतला चहा त्याच्या हातात देते. त्यावर साय धरली आहे. तो तसाच पितो.

"माझं नाव घेऊन सत्कार-बित्कार नको," ती म्हणते. "साडी मी घेणार नाही. वास कसा होता, तेवढं सांगा. नीट सांगा, लाजू नका. चाळीस घरांतली माणसं येणार आहेत. त्यांत एक तरी पावणेसहाला बूट घालणारा असेल."

हणमंत मान हलवतो. साडेचार होत आलेत. पट्टी बांधलेल्या पायात बूट जाणार नाही, म्हणून तो पलंगाखालच्या चपला पायानं पुढं ओढतो. "तू आवर," तो म्हणतो. "ती मोरपंखी साडी नेस. चांगली दिसतेस."

शालन आवरायला जात नाही. ती पलंगाच्या कडेला बसते आणि हातातल्या हिरव्या बांगड्या, आक्काच्या पट्टीला बसण्याआधी उतरवायची तशा, एकेक करून उतरवते. डाव्या हातातल्या सहा. मग उजव्या हातातल्या सहा. त्या ती उघड्या उशीवर ठेवते आणि हात धुवायला मोरीकडं जाते.